हिरवा मंगळवार आणि पिल्लूचा पंखा

(पॉडकास्टच्या ताज्या भागाचं लिखित रूप. बोलण्याच्या ओघातली भाषा शक्यतो तशीच ठेवली आहे.)

हा भाग पीएमपीच्या बसमध्ये उभं राहून ऐकत असा, नाहीतर घरी भांडी घासताना, माझं एक छोटंसं काम करा. मनातल्या मनात ‘मंगळवार’ म्हणा. काही रंग दिसला का?

बहुतेकांना नाही दिसणार. मंगळवार म्हणजे मंगळवार, त्याला कसला रंग? पण माझा मंगळवार हिरवा आहे. शेवाळासारखा, थोडा ओलसर हिरवा. गुरुवार पिवळट, आणि ‘ळ’ हे अक्षर कायम जांभळं. हे मी ठरवलेलं नाही. कळायला लागल्यापासून ते असंच आहे. दहावीत असताना एकदा स्वयंपाकघरात मी आईला सहज म्हणाले, “उद्या तो हिरवा वार ना?” आई पोळी लाटता लाटता म्हणाली, “हिरवा कसला? मंगळवार विटकरी आहे.” आणि आम्ही दोघी चक्क भांडलो! बाबा आणि दादा आमच्याकडे बघत बसले. त्यांच्या दृष्टीने आम्ही दोघीही कामातून गेलेल्या होतो.

याला सिनेस्थेशिया म्हणतात हे मला पुढे बऱ्याच वर्षांनी कळलं. एका संवेदनेबरोबर दुसरी आपोआप जागी होते. कुणाला अक्षरांना रंग दिसतात, कुणाला आवाजाला, कुणाला नावांची चव लागते. हा आजार नाही. २००६ साली ब्रिटनमध्ये लोकांची प्रत्यक्ष चाचणी घेऊन एक मोजणी झाली, तेव्हा साधारण शंभरातल्या चार जणांत याचा कुठला ना कुठला प्रकार सापडला. म्हणजे तुमच्या वर्गात साठ मुलं असतील, तर दोघा-तिघांना हे असू शकतं. फक्त ते बोलत नाहीत, कारण त्यांना वाटतं सगळ्यांनाच असं दिसतं.

हे घराण्यात चालत येतं, हे फ्रान्सिस गाल्टननी १८८०च्या सुमारासच नोंदवून ठेवलं होतं. रशियन लेखक नाबोकोव्हची गोष्ट तर मला फार आवडते. लहानपणी तो अक्षरांच्या रंगीत लाकडी ठोकळ्यांशी खेळत होता आणि आईला म्हणाला, यांचे रंग चुकलेत. आईला काहीच नवल वाटलं नाही, कारण तिलाही अक्षरं रंगीत दिसायची. फक्त तिचे बरेचसे रंग वेगळे होते. अगदी आमच्या स्वयंपाकघरातलं भांडण! पुढे नाबोकोव्हच्या मुलालाही तेच. म्हणजे वारशाने कल मिळतो, रंग मिळत नाहीत. रंग कुठून येतात? थोडेफार आजूबाजूच्या वस्तूंतूनही. अमेरिकेत २०१३ साली ११ जण असे सापडले, ज्यांच्या अक्षरांचे रंग लहानपणी फ्रिजवर लावलेल्या खेळण्यातल्या चुंबकी अक्षरांशी जुळत होते.

आणि हे काही जन्मल्याबरोबर पक्कं नसतं. ब्रिटनमध्ये अशाच काही मुलांना सहाव्या-सातव्या वर्षी तपासलं, तेव्हा त्यांच्या जेमतेम एक तृतीयांश अक्षरांचे रंग ठरलेले होते. तीच मुलं दहा-अकरा वर्षांची झाली, तेव्हा हा आकडा ७० टक्क्यांच्या आसपास गेला. म्हणजे मूल शाळेत अक्षरं शिकतं, तसतसे रंग पक्के होत जातात.

आता तुम्ही म्हणाल, ताई, छान आहे, गंमत आहे, पण आजचा विषय काय? विषय हाच आहे, फक्त पुढचा भाग गमतीचा नाही.

माझा एक भाचा आहे, दादाचा मुलगा. त्याचं खरं नाव सांगणार नाही, घरी सगळे त्याला पिल्लू म्हणतात. पिल्लू दीड वर्षाचा होता तेव्हा आमच्या घरात एक टेबलफॅन होता, आणि तो त्याच्यासमोर बसून राहायचा. पाच मिनिटं नाही, अर्धा अर्धा तास. मान तिरकी करून, डोळ्यांच्या कोपऱ्यातून बघत. खेळण्यातली गाडी दिली की ती उलटी करून एकच चाक फिरवायचा. पेशवे उद्यानात फुलराणीत बसवायला नेलं, तर साहेब गाडीत बसायलाच तयार नाहीत. त्यांना खाली बसून चाकं बघायची होती. संध्याकाळी खिडकीच्या गजांची सावली भिंतीवर पडली की तिच्यावरून बोट फिरवत राहायचा.

वहिनी मला एकदा हळूच म्हणाली, “मी हाक मारली की हा बघत नाही गं. आणि कशाकडे बोट दाखवत नाही. त्या शेजारच्या मुलीला बघ, चौदा महिन्यांची आहे, चिमणी दिसली तरी आईला बोट करून दाखवते.”

मी काय म्हणाले सांगू? मी म्हणाले, “अगं वहिनी, तो माझ्यावर गेलाय. आमच्याकडे सगळ्यांना जरा वेगळंच दिसतं. मला रंगीत वार दिसतात, त्याला चाकं दिसतात. इंजिनिअर होईल बघ तुझा!”

सगळे हसले. वहिनीही हसली. आजी म्हणाली, मुलगे उशिराच बोलतात, याचा बाबा तीन वर्षांचा होईपर्यंत बोलत नव्हता. आणि विषय संपला.

अकरा महिने संपला.

पिल्लू दोन वर्षं पाच महिन्यांचा झाला तेव्हा वहिनी कुणालाही न सांगता त्याला विकासतज्ज्ञ बालरोगतज्ज्ञांकडे घेऊन गेली. ऑटिझम. आज पिल्लू सात वर्षांचा आहे आणि मजेत आहे, ते पुढे सांगतेच. पण त्या अकरा महिन्यांत वहिनी एकटीच घाबरलेली होती, आणि तिला गप्प बसवणाऱ्यांत मी सगळ्यात पुढे होते. माझं वेगळं दिसणं निरुपद्रवी निघालं, म्हणून त्याचंही तसंच असणार असं मी गृहीत धरलं. हा भाग मी त्या चुकीसाठी करतेय.

तर मग मी वाचायला लागले. ऑटिझम असलेल्या लहान मुलांना दिसतं तरी कसं?

पहिली गोष्ट, डोळ्यांत बिघाड नसतो. फरक पडतो तो नजर कुठे जाते आणि मेंदू आधी काय उचलतो यात. मंडईत शिरलात की तुम्हाला आधी काय दिसतं? गर्दी, भाजीवाले, एकूण मंडई. मग आपण त्यातली मेथीची जुडी शोधतो. ऑटिझम असलेल्या पुष्कळ मुलांना आधी जुडी दिसते, कधी जुडीचा दोरा दिसतो, आणि मंडई मागाहून जुळवावी लागते. दिवाळी अंकात लपलेली चित्रं शोधायचं कोडं असतं ना? त्या जातीच्या चाचणीत ऑटिझम असलेली मुलं चांगली कामगिरी करतात, हे लंडनमध्ये १९८३ सालीच दिसलं होतं. मोठ्या चित्रात दडलेला त्रिकोण ती पटकन शोधायची.

२०१५ मध्ये लंडनमधल्याच संशोधकांनी नऊ महिन्यांच्या बाळांवर एक प्रयोग केला. यातल्या बऱ्याच बाळांच्या मोठ्या भावंडांना ऑटिझम होता. पडद्यावर एकसारखी अक्षरं दाखवायची आणि त्यात एकच वेगळं. बाळाची नजर त्या वेगळ्यावर किती लवकर जाते, हे कॅमेऱ्याने टिपायचं. जी बाळं यात जास्त तरबेज होती, त्यांच्यात पुढे ऑटिझमची लक्षणं जास्त दिसली. विचार करा! इथे खूण काहीतरी कमी असण्याची नव्हती, काहीतरी जास्त असण्याची होती.

दुसरी गोष्ट, चेहरे. २०१३ साली अमेरिकेत दोन महिन्यांच्या बाळांपासून नजरेची मोजणी केली. ज्या मुलांना पुढे ऑटिझमचं निदान झालं, तीही सुरुवातीला माणसाच्या डोळ्यांकडे इतर बाळांसारखीच बघत होती. पण दोन ते सहा महिन्यांच्या दरम्यान त्यांचं ते बघणं हळूहळू कमी होत गेलं. आई-वडिलांना नुसत्या डोळ्यांनी हे कळणं शक्य नसतं, त्याला यंत्र लागतं. म्हणून कुणी आईला विचारलं की “तुझ्या लक्षात कसं आलं नाही?”, तर त्याला हे वाक्य ऐकवा.

तिसरी गोष्ट, पंखा. २०११ मध्ये सॅन दिएगोत १४ ते ४२ महिन्यांच्या मुलांसमोर पडद्याच्या एका बाजूला नाचणारी मुलं आणि दुसऱ्या बाजूला हलत्या भौमितिक आकृत्या ठेवल्या. जी मुलं ६९ टक्क्यांहून जास्त वेळ आकृत्यांकडे बघत राहिली, त्या जवळजवळ सगळ्यांना ऑटिझम होता. आता इथे थांबा, कारण इथेच घोटाळा होतो. ऑटिझम असलेल्या मुलांपैकी आकृत्या पसंत करणारी साधारण ४० टक्केच होती. म्हणजे जास्त मुलांना आकृत्यांचं एवढं वेड नव्हतंच. त्यामुळे ‘आमचं मूल पंखा बघत नाही, म्हणजे सगळं ठीक’ असंही नाही. आणि पंखा तर सगळीच बाळं थोडाफार बघतात. एकट्या पंख्यावरून कुणीही निदान करू नये. निदान केव्हाही सगळं मिळून होतं: नजर, बोट दाखवणं, हाकेला वळणं, बोलणं, खेळ.

पण पंखाच का? मूळचे दिल्लीचे आणि एमआयटीत काम करणारे पवन सिन्हा यांनी सहकाऱ्यांबरोबर २०१४ साली एक कल्पना मांडली. ऑटिझममध्ये पुढे काय होणार याचा अंदाज बांधणं मेंदूला जड जात असावं, अशी ती कल्पना. सिद्ध झालेली नाही, पण मला ती पटते. माणसाचा चेहरा पुढच्या सेकंदाला काय करेल ते सांगता येत नाही. पंखा मात्र सांगता येतो. ज्या जगात सगळंच अचानक घडतं, तिथे पंखा हा एकमेव शब्दाला जागणारा दोस्त!

आता माझ्या मूळ प्रश्नाकडे. सिनेस्थेशिया आणि ऑटिझम यांचा काही संबंध आहे का? मी वहिनीला जे गमतीत म्हणाले, त्यात काही तथ्य होतं का?

थोडंसं होतं, आणि म्हणूनच ते धोक्याचं ठरलं. २०१३ मध्ये केंब्रिजच्या सायमन बॅरन-कोहेन यांच्या गटाने ऑटिझम असलेल्या १६४ आणि नसलेल्या ९७ प्रौढांना विचारलं. पहिल्या गटात जवळपास १९ टक्के लोकांना सिनेस्थेशिया होता, दुसऱ्यात सुमारे ७ टक्के. बारीकसारीक तपशील टिपणं, आवाज-उजेड तीव्रपणे जाणवणं, हे दोन्हीकडे जास्त दिसतं. डॅनियल टॅमेट हे नाव तुम्ही ऐकलं असेल. २००४ साली त्याने पायचे २२,५१४ अंक तोंडपाठ म्हणून दाखवले. त्याला दोन्ही आहे.

पण हा अभ्यास मोठ्या माणसांचा आहे, आणि त्यात ऑटिझम असलेल्या दर पाचांतल्या चौघांना सिनेस्थेशिया नव्हता. शिवाय आत्याला रंगीत वार दिसतात म्हणून भाच्याला ऑटिझम झाला, असा अर्थ यातून अजिबात निघत नाही. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे, मला मंगळवार हिरवा दिसत होता, पण मी हाकेला वळत होते. चिमणी दिसली की आईला बोट करून दाखवत होते. मूल वेगळं बघतं का, एवढंच विचारून भागत नाही. जे बघतं ते दुसऱ्याला दाखवतं का, हेही विचारावं लागतं. वहिनीने अगदी बरोबर तेच विचारलं होतं. मी तिला भलतंच उत्तर दिलं.

बरं, आता कामाच्या गोष्टी. तुमच्यापैकी बरेच जण विशी-तिशीतले आहात. तुम्हाला मुलं नसतील, पण भाचे-पुतणे असतील. लिहून घ्या.

एक. मूल दीड वर्षाचं झालं तरी बोट दाखवत नसेल, हाकेला वळत नसेल, किंवा आधी येत असलेले शब्द गेले असतील, तर थांबू नका. १६ ते ३० महिन्यांच्या मुलांसाठी एम-चॅट नावाची २० प्रश्नांची प्रश्नावली आहे. ती निदान करत नाही, फक्त तपासणी हवी का ते सांगते. सोबत कानांचीही तपासणी करून घ्या.

दोन. विकासतज्ज्ञ बालरोगतज्ज्ञ परवडत नसतील, तर राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात २०१३ पासून जिल्हा पातळीवर ‘डीईआयसी’ म्हणजे लवकर मदत देणारी केंद्रं उभी करण्यात आली. पुण्याचं जिल्हा रुग्णालय औंधला आहे, चौकशीला तिथून सुरुवात करा. थेरपीसाठी निदानाचा कागद हातात पडण्याची वाट बघायची गरज नाही.

तीन. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत ऑटिझम आहे. यूडीआयडी कार्ड मिळतं, आणि नॅशनल ट्रस्टच्या निरामय योजनेत एक लाखापर्यंतचा आरोग्य विमाही आहे. कार्ड काढलं म्हणून मुलावर शिक्का बसत नाही. शाळेत हक्काने बोलता येतं.

चार. ‘स्टेम सेलने ऑटिझम बरा’ अशी जाहिरात दिसली तर पुढे सरका. आयसीएमआरच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार ऑटिझमवर हा मान्य उपचार नाही. आणि आईला दोष देऊ नका. वहिनीला काय काय ऐकावं लागलं! नोकरी करतेस म्हणून, मोबाइल दिलास म्हणून. आईच्या वागण्याने ऑटिझम होत नाही. यात आनुवंशिकतेचा वाटा मोठा आहे.

आपल्याकडे तज्ज्ञ कमी आहेत हे खरंच. म्हणून गोव्याच्या ‘संगत’ या संस्थेचे लोक आणि ब्रिटनमधले संशोधक यांनी मिळून टॅबलेटवरचं एक ॲप तयार केलं. मूल पडद्यावर कुठे बघतं, फुगे कसे फोडतं, रंग कसे भरतं, हे त्यात नोंदलं जातं. दिल्लीत २ ते ७ वर्षांच्या १३१ मुलांवर, घरोघरी जाऊन, तज्ज्ञ नसलेल्या कार्यकर्त्यांनी ते वापरून बघितलं. म्हणजे मुलाची नजर मोजायला महागडी प्रयोगशाळाच हवी, हे दिवस बदलतायत.

आता पिल्लूबद्दल. सुरुवातीला आम्ही पंखा माळ्यावर टाकला होता. पिल्लू दोन दिवस रडला. थेरपिस्टताई म्हणाल्या, “पंखा काढू नका, पंख्यापाशी जाऊन बसा.” मग वहिनी रोज त्याच्या शेजारी बसायची. बटण बंद करायची आणि वाट बघायची. काहीच बोलायचं नाही. पहिल्यांदा त्याने तिचा हात धरून बटणावर ठेवला. काही आठवड्यांनी हात धरून तिच्याकडे बघितलं. अर्धा सेकंद असेल. वहिनीने मला लगेच फोन केला आणि नुसती रडत होती. त्याचा पहिला शब्द आई नव्हता, बाबा नव्हता. ‘चालू’ होता.

आता भिंतीवर त्याचं चित्रांचं वेळापत्रक आहे. दात घासणे, पोहे, शाळेची व्हॅन. बोललेलं वाक्य हवेत विरून जातं, चित्र मात्र जागेवर राहतं. एक चित्र खाली पडलं तरी त्याच्या सेकंदात लक्षात येतं. शब्द अजून कमी आहेत. गणपतीत ढोल-ताशा सुरू झाला की कानांवर हेडफोन लावून तो गॅलरीतून पथकाचे झेंडे बघतो, आणि तेही मजेत. त्याला अक्षरं रंगीत दिसतात का? मी विचारून बघितलं. रंगीत खडू पुढे ठेवले, ‘ळ’ काढून दाखवला. त्याने सगळे खडू उंचीप्रमाणे लावून ठेवले आणि निघून गेला. मला उत्तर मिळालं नाही, आणि ठीक आहे.

शेवटचं एक. आमच्या घरी आता एक आठ महिन्यांची भाची आहे, पिल्लूची बहीण. मोठ्या भावंडाला ऑटिझम असेल, तर धाकट्याला असण्याची शक्यता साधारण पाचात एक असते, असं मोठ्या अभ्यासांत दिसलंय. पाचातले चार नाही, हेही मी स्वतःला रोज सांगते. परवा ती मांडीवर पडून वर फिरणाऱ्या पंख्याकडे एकटक बघत होती. वहिनीने माझ्याकडे बघितलं. माझ्या तोंडावर अगदी आलं होतं, अगं काही नाही गं, सगळीच बाळं बघतात. मी ते गिळलं. म्हणाले, “तुला काय वाटतं वहिनी? पुढच्या तपासणीला मी येऊ का बरोबर?”

ती हो म्हणाली. तपासणी मंगळवारी आहे.

तुमच्या घरी कुणाला मंगळवारचा रंग दिसतो का, ते मला नक्की कळवा. आणि तुमच्या घरातली एखादी वहिनी, ताई हळूच काही सांगत असेल, तर तिचं पूर्ण ऐकून घ्या. भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या!